५८ इंचांची रेघ

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री ११ वाजता आम्ही हॉलला कुलूप लावलं तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर २१ माउंट होते, म्हणजे पुठ्ठ्यावर लावलेली, फ्रेम नसलेली चित्रं. सकाळी ६ ला दार उघडलं तर १४. बाकीचे ७ फरशीवर. काही पालथे, काही उताणे, एक तर कोपऱ्यावर उभा राहून भिंतीला टेकलेला. आत कुणी आलेलं नव्हतं, खिडक्या बंद होत्या. मी एक माउंट उचलून उलटा केला. मागच्या डबल टेपला पांढरा पापुद्रा चिकटून आला होता, भाकरीला वरचं पीठ चिकटावं तसा. टेपनं डिस्टेंपर घट्ट धरून ठेवलं होतं. डिस्टेंपरनंच भिंत सोडली होती.

या भानगडीत मी कशी आले ते सांगते. संभाजीनगरात बीएफए पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. वार्षिक प्रदर्शनाच्या कमिट्या ठरवायची मीटिंग झाली त्या दिवशी मी गावाला, केज तालुक्यात. परत आले तर नोटीस बोर्डावर स्वागत, भोजन, प्रसिद्धी अशा कमिट्या भरलेल्या आणि ‘डिस्प्ले’पुढं माझं नाव, खाली आणखी चौघांची. ती चौघंही मीटिंगला गैरहजर होती, हे मला नंतर कळलं.

चार वर्षांत आम्हाला काय काय शिकवलं! स्ट्रेचर म्हणजे कॅनव्हासची लाकडी चौकट ठोकायला, कॅनव्हास ताणायला, प्रायमर मारायला. मॉडेल समोर बसवून तीन-तीन तास पोर्ट्रेट. छापचित्रासाठी लिनो, म्हणजे रबरासारखी मऊ लादी, कापायला, तिच्यावर शाईचा रोलर फिरवायला. चित्र भिंतीवर लावायचं कसं, हे मात्र कुठल्याच वर्षाच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तो आपला खिळा ठोकायचा विषय, त्यात काय शिकायचं, असं मलाही वाटायचं.

सुरुवात निवडीपासून झाली. प्रत्येकानं पाच कामं द्यायची, तीन सरांची ज्युरी त्यातली दोन निवडणार. माझं आवडतं काम, ४ बाय ३ फुटांचं ॲक्रिलिक, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरचं, लालभडक आकाश असलेलं, पहिल्याच फेरीत बाजूला काढलं. मी तोंड पाडून उभी. सर म्हणाले, “चित्र वाईट नाहीये. पण ज्या भिंतीवर हे लागेल तिथली बाकीची सगळी मरतील.” तेव्हा मला ते निव्वळ कारण सांगितल्यासारखं वाटलं. चार दिवसांनी एका वर्गमित्राचं तसंच भडक पिवळं काम एका मुलीच्या तळहाताएवढ्या एचिंगशेजारी, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून काढलेल्या बारीक रेषांच्या छापाशेजारी, लावून बघितलं, आणि एचिंग दिसेनासंच झालं. नुसता राखाडी चौकोन. तेच एचिंग दाराजवळच्या अरुंद पट्टीवर एकटं लावलं तर लोक वाकून वाकून बघायला लागले. काम तेच, शेजार बदलला. आमच्या गल्लीत मात्र शेजार बदलायची सोय नसते.

माझी निवडलेली दोन्ही कामं लिनोकट. त्यातलं एक कापूस वेचणाऱ्या बाईचं. कागद कागजीपुऱ्याचा होता, दौलताबादच्या पुढं खुलताबादच्या वाटेवरच्या गावातला, हातानं बनवलेला, कडा फाटल्यासारख्या झुलत्या. प्रेसवर नीट उठेना म्हणून चमच्याच्या पाठीनं घासून घासून सात प्रती काढल्या होत्या. खाली पेन्सिलनं डावीकडं प्रतीचा क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडं सही. सही करताना फार भारी वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही.

फ्रेमचं गणितही तेव्हाच कळलं. फ्रेमवाला पट्टीचे पैसे फुटावर लावतो. २ बाय ३ च्या चित्राला १० फूट, असा मी सरळ हिशेब केला होता. गुलमंडीतल्या फ्रेमवाल्यानं हसून पट्टीचा तुकडा दाखवला. चारही कोपरे ४५ अंशांत कापले की प्रत्येक बाजू बाहेरून पट्टीच्या रुंदीच्या दुपटीएवढी जास्त लांब लागते. दोन इंची पट्टी असेल तर चार बाजूंना मिळून १६ इंच जास्तीचे गेले. काच वेगळी, मागचा पुठ्ठा वेगळा. शेवटी वर्गातल्या बहुतेकांनी एकच काम फ्रेम केलं आणि दुसरं नुसतं माउंट. ते माउंट म्हणजेच उत्तरेची भिंत.

आता हॉलबद्दल. तो हॉल पूर्वी मातीकामाचा स्टुडिओ होता. लांब भिंत ४० फुटांची, तिच्यात जुन्या गिट्ट्या आणि हुक होते, तिथं ठोकायला परवानगी होती. उत्तरेच्या भिंतीला नुकताच रंग दिलेला, तिथं ‘एकही खिळा चालणार नाही’ असं ऑफिसातून सांगितलेलं.

लांब भिंतीपासून सुरुवात केली. सरांनी नियम सांगितला: प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. चित्र लहान असो, मोठं असो, मध्य एका रेषेत, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. आम्ही वहीवर हिशेब मांडला. फ्रेम ३६ इंच उंच, निम्मे १८. मागची तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून ४ इंच खाली येते. ५८ अधिक १८ वजा ४, म्हणजे खिळा ७२ वर. प्रत्येक फ्रेमचा असा हिशेब करून चिठ्ठ्या डकवल्या. दिवसभर टेपनं मापं घेत, खिळे मारत संध्याकाळी १२ चित्रं लावली आणि लांब जाऊन बघितलं.

सगळी रांग दाराकडं उतरत होती.

पुन्हा मापलं. प्रत्येक चित्र ५८ वरच. पुन्हा लांब जाऊन बघितलं, उतरतच होती. वरच्या बीमच्या रेषेशी ताडून बघितलं की फारच जाणवायचं, जणू चित्रं दारातून बाहेर निघालीत. एक मैत्रीण म्हणाली, आपले डोळे थकलेत. रडायचीच बाकी होते. मग आप्पांना फोन लावला.

माझे आप्पा गवंडी. त्यांना चित्राबिंत्राचं फार काही सांगावं लागत नाही, भिंत म्हटलं की पुरतं.

“माप कुठनं घेतलंस?”

“जमिनीपासून.”

“जमिनीवरनं? आगं, जमीन कुठं लेव्हलात आस्ती व्हय? पाणी जायला उतार दिलेला आसंल की.”

मातीकामाचा स्टुडिओ. रोज फरशी धुवायचे, पाणी दाराकडं काढायचे. आम्ही त्या उतारावरून इमानदारीनं ५८ इंच मोजत गेलो होतो, आणि फरशीचा उतार जसाच्या तसा भिंतीवर चढवला होता. नंतर मोजलं तर ४० फुटांत दोन इंचांचा फरक.

“मग आता?”

“पाईप आन. बोटायेवढा, आरपार दिसंल आसला. पानी भर. एक तोंड हिकडं, एक तिकडं. पानी जिथं थांबल तिथं खूण कर, बास.”

दुसऱ्या दिवशी मोंढ्यातून ५० फूट पारदर्शक पाईप आणला. साधं पाणी ट्यूबलाइटच्या उजेडात दिसेना म्हणून बादलीत थोडा प्रशियन ब्लू कालवला. भिंतीच्या एका टोकाला ५८ वर पेन्सिलची खूण, तिथं मी पाईपचं तोंड धरून. दुसऱ्या टोकाला माझा वर्गमित्र. पाणी डुचमळलं, थांबलं, त्यानं खूण केली. मध्यावर केली. लाईनदोरी ताणून बघितली तर मधली खूण चार बोटं वर! परत फोन. आप्पांनी एकच विचारलं, “तोंडावर आंगठा ठुला का कुणी?” ठेवला होता. पाणी सांडू नये म्हणून त्यानं अंगठ्यानं तोंड दाबून धरलं होतं, आणि दाबलेल्या तोंडाशी पाणी खरी पातळी घेत नाही. दोन्ही तोंडं उघडी हवीत. आणि पाईपमध्ये हवेचा बुडबुडा नको. बुडबुडा शोधायला आम्ही पाच जणं त्या निळ्या पाईपला गाईच्या धारेसारखं टोकापासून टोकापर्यंत चिमटीनं निपटत बसलो. तो सापडला खिडकीखालच्या वळशात, चांगला बोटभर लांब.

मग रेघ मारली. दाराशी ती जमिनीपासून ६० वर होती, टोकाशी ५८ वर, आणि लांबून बघितली की तळ्याच्या पाण्यासारखी सपाट. सगळे खिळे काढून नव्यानं ठोकावे लागले. जुनी भोकं पुट्टीनं बुजवली. ती भिंत आता जवळून बघितली तर देवीचे वण असलेल्या माणसासारखी दिसते.

उजेडाबद्दल थोडक्यात. ट्यूबलाइटमध्ये आमचे सगळे लाल मेले होते. मांडववाल्याचे हॅलोजन लावले तर लाल जिवंत झाले, पण मार्चच्या उकाड्यात हॉलची भट्टी झाली आणि काचेत चित्राऐवजी हॅलोजनच दिसायला लागले. शेवटी पिवळसर एलईडी वरून तिरपे सोडले आणि समोरच्या खिडकीला काळं कापड मारलं. लेबलांची तऱ्हा वेगळीच. आम्ही मजकूर दिला युनिकोडात, प्रिंटवाल्याकडं जुना फॉन्ट. ‘कॅनव्हासवर ॲक्रिलिक’चं असं काही झालं की तो शब्द मी इथं लिहूनही दाखवू शकत नाही. २१ लेबलं मी हातानं लिहिली. निम्म्या कामांचं शीर्षक ‘शीर्षकहीन’ होतं, त्यामुळं हात लवकर बसला.

आणि मग ती सकाळ, सात माउंट जमिनीवर.

आप्पांना सहा वाजता फोन केला तेव्हा ते साइटवर निघाले होते. मी भिंतीचं वर्णन केलं. ते म्हणाले, खाली जुना चुना आसंल, खरवडला नसंल, वरनं डिस्टेंपर मारून मोकळे. नखानं खरवडून बघितलं. होता चुना, बोटाला पांढरा लागला.

मला दुसऱ्या वर्षाची अजिंठ्याची सहल आठवली. सरांनी आम्हाला चित्रांआधी चित्रं नसलेल्या भिंती दाखवल्या होत्या. तिथला कातळ कारागिरांनी मुद्दाम खडबडीत ठेवलाय, गिलाव्याला धरायला जागा मिळावी म्हणून. त्यावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. त्यातलंही कितीतरी गळून पडलंय, पण जे राहिलंय ते दीड हजार वर्षं आणि त्याहून जुनं आहे. आमच्या रंगाऱ्याला एक दिवस खरवडायचा कंटाळा आला, आणि आमची भिंत एक रात्र टिकली.

त्याच सहलीत सरांनी सांगितलेलं आणखी एक. रॉबर्ट गिल नावाचा मद्रास सैन्यातला अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला. बरीच वर्षं तो त्या डोंगरात राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर रंगवत राहिला. त्यातली बहुतेक कामं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेली असताना १८६६ च्या आगीत जळाली. पुढं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा तेच काम करत राहिले. विद्यार्थी म्हणजे आमच्याच वयाची पोरं. त्यांच्याही पुष्कळ नकला लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत गेल्या. सर तेव्हा म्हणाले होते, “गुहेत टिकलं, प्रदर्शनात जळालं.” आम्ही हसलो होतो.

साडेसात झाले होते. उद्घाटन ११ ला. खिळा चालणार नव्हता. टेप चालत नव्हता. शेवटी आप्पांचाच सल्ला: खिडकीच्या गजापासून गजापर्यंत तार ताण. जाड जीआय तार आणली, दोन्हीकडं पक्कड लावून पिळली, तिच्यावर माउंट काळ्या क्लिपांनी टांगले. धुणं वाळत घातल्यासारखं दिसेल अशी भीती होती. दिसलं बरं. पण २१ माउंटांच्या वजनानं तारेला मध्ये झोळ आला, आणि आता मला झोळ सहनच होत नव्हता. रेघेचं वेड लागलं होतं. मध्ये टेका द्यायला काय आहे? फुटलेल्या इझलचा, म्हणजे चित्र ठेवायच्या घोडीचा, एक पाय होता. तो उभा करून तारेखाली दिला, पुढं कुंडी ठेवून लपवला. हे सगळं करता करता साडेबारा वाजले.

साडेबारा वाजले तरी चाललं, कारण प्रमुख पाहुणे एक वाजता आले. बाकी सगळे त्यांच्या नावानं बोटं मोडत होते, स्वागत कमिटीच्या मुलींच्या रांगोळीवरून दोनदा सायकल गेली, समईतलं तेल संपून पुन्हा घातलं. मी मात्र मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. पुढचं सगळं नेहमीचं: दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, ‘मला चित्रातलं काही कळत नाही पण’ अशी सुरुवात असलेलं २० मिनिटांचं भाषण. हॉलमधून फेरी झाली ती ७ मिनिटांची. त्यातली दोन मिनिटं फोटो काढण्यात.

खरी गर्दी दुसऱ्या दिवशी, पोर्ट्रेटच्या प्रात्यक्षिकाला. बाहेरून आलेले चित्रकार आमच्या कँटीनच्या काकांना समोर बसवून दोन तासांत रंगवणार होते. शहरातल्या शाळांचे कलाशिक्षक, एटीडीची म्हणजे कलाशिक्षक पदविकेची पोरं, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करणारी आठवी-नववीची मुलं, बसायला जागा नव्हती. पहिली वीस मिनिटं कॅनव्हासवर नुसते डाग, मग एकदम कपाळ आणि नाकाचं हाड उभं राहिलं आणि मागून कुणीतरी “आयला” म्हणालं. काका दोन तास हलले नाहीत. शेवटी उठून चित्राकडं बघितलं आणि म्हणाले, “मी इतका म्हातारा झालोय व्हय?” प्रदर्शनाच्या हॉलमध्ये त्या दोन तासांत वहीवर एकही सही नाही.

अभिप्रायाची वही मी रोज रात्री वाचायचे. ‘छान.’ ‘खूप छान.’ ‘अप्रतिम.’ ‘पंख्याची सोय हवी.’ एकानं फक्त आपला मोबाइल नंबर लिहिला होता, कशासाठी कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी आई आली, मावशीला घेऊन, सकाळच्या एसटीनं. आप्पांचा स्लॅब होता, त्यांना येता आलं नाही. आई सगळा हॉल फिरली, एकेका चित्रापुढं थांबत, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी. माझ्या कापूस वेचणाऱ्या बाईपुढं आली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, डोळ्यांत पाणीबिणी आलं की काय.

“ही बाई गुजराती हाय का गं?”

“नाही, आपल्याकडचीच. तूच आहेस ती. तुझाच फोटो बघून केलीय.”

“मग पदर उजव्या खांद्यावर कामून?”

मी बघितलं. पदर उजव्या खांद्यावर होता. लिनो छापला की उलटा उमटतो, हे आम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं होतं. अक्षरं असती तर मी उलटी कापली असती. पदराला कुठं अक्षर असतं? मी फोटो समोर ठेवून सरळ कापला, छापल्यावर तो उलटा झाला, आणि तीन सरांची ज्युरी, बाहेरून आलेले परीक्षक, दोन वर्गमित्र, खुद्द मी, कुणाच्या डोळ्याला खटकलं नाही. मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. तिचा डाव्या खांद्यावरचा.

परीक्षकांनी मला त्या कामाला चांगले मार्क दिले होते. त्याची एक प्रत ८०० रुपयांना एका दवाखान्यात लावायला गेली. माझं विकलं गेलेलं पहिलं काम. डॉक्टरबाईंना मी पदराचं काही बोलले नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळं उतरवायला दीड तास लागला. लावायला पाच दिवस. तार गुंडाळली, क्लिपा मोजून घेतल्या, इझलचा पाय परत भंगारात. भिंतीवरची पेन्सिलची रेघ खोडरबरानं पुसायला घेतली तर सर म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षीच्या पोरांना उपयोगी पडेल. पाईप मी कपाटात ठेवला. आतला निळा डाग काही गेला नाही.

आईनं एक प्रत घरी मागितली होती. सातवी प्रत फ्रेम करून मे महिन्यात गावाकडं नेली. आप्पांनी ती हातात घेतली, कोपरे बघितले, मागची तार ओढून बघितली, काही बोलले नाहीत. मी ५८ इंचांवर बोट ठेवून दाखवलं, इथं लावा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी भिंत उलटी बांधायला सांगितली.

“हितं? लेकरं हात लावतील.”

त्यांनी स्टूल घेतलं आणि दाराच्या वर, आजोबांच्या फोटोशेजारी, सात फुटांवर खिळा मारला. वरची बाजू भिंतीपासून वीतभर पुढं झुकवून, पाया पडायच्या फोटोसारखी. मग खिशातून छोटी पाणसळ काढून फ्रेमवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर होता.